नैसर्गिक आपत्ती : कारणे आणि परिणाम

भूकंप, ज्वालामुखीचा उद्रेक, त्सुनामी, चक्रीवादळ, पूर, दरड कोसळणे, दुष्काळ अशा घटनांमुळे जीवित आणि मालमत्तेची मोठी हानी झाली, की त्यांना नैसर्गिक आपत्ती म्हणतात. निर्जन वाळवंटात जमीन कितीही हादरली तरी आपत्ती ओढवत नाही. दाट वस्तीच्या शहराखाली तेवढीच हादरली तर हाहाकार उडतो. म्हणून आपत्तीची कारणे शोधताना निसर्गाबरोबर माणसाच्या वस्तीकडेही पाहावे लागते.

काही आपत्तींचे मूळ जमिनीच्या पोटात असते. पृथ्वीचे बाहेरचे कठीण आवरण अखंड नाही. ते लहानमोठ्या भूपट्टांचे बनलेले आहे. हे पट्ट वर्षाला काही सेंटिमीटर, म्हणजे जवळपास आपली नखे वाढतात त्या गतीने सरकतात. त्यांच्या कडा एकमेकींत अडकल्या की खडकांवर ताण साठू लागतो, कधी कधी शेकडो वर्षे. तो सहन होईनासा झाला की खडक तुटून झटक्यात सरकतात आणि सुटलेली ऊर्जा लहरींच्या रूपाने चहूकडे पसरते. हाच भूकंप. तो नेमका कोणत्या दिवशी होईल हे आधी सांगण्याची पद्धत अजून सापडलेली नाही, मोबाइलवर कसलेही संदेश फिरत असोत.

समुद्राचा तळ असा अचानक वरखाली झाला, तर वरचे पाणीही ढकलले जाते आणि त्सुनामी उठते. खोल समुद्रात तिचा वेग ताशी ७००-८०० किलोमीटर असू शकतो. पण तिथे तिची उंची इतकी कमी असते, की जहाजावरच्या माणसांना ती जाणवतही नाही. किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात तिचा वेग घटतो, मागून पाणी येतच राहते आणि लाट उंच होत जाते. पुष्कळदा त्याआधी समुद्र बराच मागे हटतो. २६ डिसेंबर २००४ रोजी सुमात्राजवळ ९.१ तीव्रतेचा भूकंप झाला, तेव्हा उघडा पडलेला तळ पाहायला अनेक जण पुढे गेले आणि लाटेत सापडले. त्या त्सुनामीत दोन लाखांहून अधिक माणसे दगावली. भूकंपाच्या केंद्राजवळच असलेल्या सिमेउलुए बेटावर मात्र मृतांचा आकडा दहाच्या आत राहिला. १९०७ मधल्या त्सुनामीची आठवण तिथे आजी-आजोबांच्या गोष्टींतून टिकली होती. जमीन जोरात हादरताच लोक टेकड्यांवर पळाले.

हवेशी निगडित आपत्तींचे कारण उष्णता आणि बाष्पात आहे. समुद्राचे पाणी साधारण २६-२७ अंश सेल्सिअसपेक्षा जास्त तापलेले असले, की त्यावरची दमट हवा वर चढते, बाष्पाचे ढग होताना उष्णता बाहेर पडते आणि वादळाला बळ मिळते. पृथ्वीच्या परिवलनामुळे वारे गोल फिरू लागतात. पुराला अतिवृष्टी कारणीभूत असतेच. पण नदीपात्रातली बांधकामे आणि पाणी मुरू न देणारे काँक्रीट त्यात भर घालतात. उतारावरची झाडे तोडली, की दरडींचा धोका वाढतो.

नुकसान किती होईल, हे केवळ घटनेच्या ताकदीवर ठरत नाही. २०१० च्या जानेवारीत हैतीत ७.० तीव्रतेचा भूकंप झाला. एक लाखाहून अधिक लोक मृत्युमुखी पडले. पुढच्याच महिन्यात चिलीत ८.८ तीव्रतेचा, म्हणजे सुमारे ५०० पट ऊर्जेचा भूकंप होऊनही मृतांची संख्या ५०० च्या आसपास राहिली. हैतीत केंद्र राजधानीलगत होते हे खरे. पण जड छताची, कच्च्या खांबांची घरे हेही मोठे कारण होते. चिलीत भूकंपरोधक बांधकामाचे नियम बऱ्याच अंशी पाळले जात होते.

एका आपत्तीतून दुसरीही उभी राहते. २००८ मध्ये चीनच्या सिचुआन प्रांतातल्या भूकंपाने डोंगर कोसळले, नद्या अडल्या आणि नवे तलाव तयार झाले. ते फुटतील या भीतीने खालच्या भागातल्या लोकांना हलवावे लागले. पुरानंतर दूषित पाण्यातून रोग पसरतात, वादळाच्या लाटांनी शेतात खारे पाणी शिरते. दुष्काळात एका क्षणात काही कोसळत नाही, म्हणून तो बातम्यांत उशिरा येतो. तोवर विहिरी आटलेल्या असतात आणि गुरे विकली गेलेली असतात.

सगळेच परिणाम हानिकारक नसतात. पूर गाळ आणून टाकतो, ज्वालामुखीची राख कालांतराने सुपीक माती बनते. धोका ठाऊक असूनही लोक नदीकाठी आणि ज्वालामुखीच्या उतारांवर शेती करत राहतात, त्याचे हे एक कारण आहे.