पायाच्या अंगठ्याला पाळण्याची दोरी

सोलापूरच्या पूर्व भागात दुपारचं विडी कामगारांच्या घरी डोकावा. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि भिजवून कापलेली तेंदूपानं. बाईची बोटं विड्या वळतायत आणि पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधलेली. मजुरी हजार विड्यांवर, म्हणून हात थांबवून चालत नाही. पाय तेवढा बाळासाठी.

तिच्याकडे बघून वाटतं, लेकरू वाढवणं हे पहिल्यापासून एकट्या आईचंच काम असणार. उत्क्रांतीचे अभ्यासक तसं मानत नाहीत. ओरांगउटानची मादी खरोखरच एकटी पिल्लू वाढवते, त्यामुळे तिच्या दोन पिल्लांत सात-आठ वर्षांचं अंतर पडतं. शिकार आणि कंदमुळांवर जगणाऱ्या माणसांत ते तीन-चार वर्षांचंच असतं, आणि आपली पोरं तर किती तरी जास्त वर्षं परस्वाधीन! मग हे जमतं कसं? टांझानियातल्या, असंच रानावर जगणाऱ्या हाड्झा लोकांत मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टन हॉक्स यांना याचं एक उत्तर दिसलं. लेक तान्ह्या बाळात अडकली की आजी रानातून कंद खणून आणते, त्यावर थोरलं नातवंड तगतं. पाळी गेल्यावरही बाई इतकी वर्षं का जगते, याचं स्पष्टीकरण काही जण इथेच शोधतात. सगळ्या शास्त्रज्ञांना ते पटलेलं नाही. आमच्याकडच्या आज्यांना लगेच पटेल.

गिरण्या आल्या आणि हे मदतीचे हात सुटले. सोलापुरात पहिली गिरणी १८७७ साली सुरू झाली. भोंगा झाला की बाई आत, लेकरू बाहेर. मुंबईत कामावर जाणाऱ्या कित्येक आया बाळाला अफूची बाळगोळी चाटवत. अफूनं रडणं थांबतं, तसा श्वासही मंदावतो. भूक लागली तरी मूल दूध मागत नाही.

१९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकाला डॉ. आंबेडकरांनी पाठिंबा दिला. बाळंतिणीला विश्रांती मिळणं देशाच्या हिताचं आहे, तेव्हा सरकारनंही भार उचलावा, असं त्यांचं म्हणणं. १९२९ ला कायदा झाला. विडी कामगारांसाठी वेगळा कायदा यायला १९६६ उजाडलं, त्यात पाळणाघराचीही तरतूद होती. पण पाळणाघर कारखान्यात, आणि काम गेलं घराघरांत. २०१७ साली बाळंतपणाची रजा २६ आठवड्यांची झाली; ती मागायची तर आधी कामगार म्हणून कुठेतरी नाव लागलेलं हवं.

घरी आजी असतेच की, असं कुणी म्हणेल. असते, अगदी शेजारी बसलेली. तिच्याही मांडीवर सूप असतं.