रासायनिक समतोल

बंद भांड्यात विक्रियाकारकांपासून (मूळ पदार्थांपासून) उत्पादिते (नवे पदार्थ) ज्या वेगाने तयार होतात, त्याच वेगाने उत्पादितांपासून पुन्हा विक्रियाकारके तयार होऊ लागली की त्या स्थितीला रासायनिक समतोल म्हणतात. अशी दोन्हीकडे जाऊ शकणारी विक्रिया म्हणजे व्युत्क्रमी विक्रिया. शालेय पुस्तकांत ‘अभिक्रिया’ असा शब्द येतो. कोल्हापुरातल्या अकरावी-बारावीच्या शिकवण्यांत मात्र ‘इक्विलिब्रियम’ आणि ‘रिव्हर्सिबल’ याच शब्दांवर काम भागते. समतोल गाठल्यावर रंग, दाब, घटकांचे प्रमाण यांतले काहीच बदलत नाही, म्हणून विक्रिया थांबली असे वाटते. ती थांबलेली नसते. ‘समतोल’ या शब्दाने तराजू डोळ्यांपुढे येतो आणि तिथेच थोडी फसगत होते. तराजूतला माल आपापल्या पारड्यात पडून असतो. इथे तो सारखा या पारड्यातून त्या पारड्यात चाललेला असतो. शिवाय दोन्ही बाजू निम्म्यानिम्म्या असतात असेही नाही. समान असतात ते वेग, प्रमाण नव्हे.

व्याख्येतले ‘बंद भांडे’ हे दोन शब्द पाठांतरात हमखास निसटतात. कोल्हापूर परिसरातले भट्टीचे नि काहिलीचे धंदे पाहिले, तर सगळी मेख त्या दोन शब्दांत आहे.

चुन्याच्या भट्टीपासून सुरुवात करावी. दख्खनच्या काळ्या जमिनीत सापडणारी चुनखडी भाजून कळीचा चुना करायचा, तो पाण्यात विरवायचा, वाळूबरोबर बैलांनी फिरवायच्या घाणीवर मळायचा आणि वाड्यांच्या भिंती बांधायच्या, ही सिमेंटच्या आधीची रीत. भट्टीत होते ते असे:

कॅल्शियम कार्बोनेट ⇌ कॅल्शियम ऑक्साइड + कार्बन डायऑक्साइड

चुनखडी बंद पात्रात तापवली तर थोडा वायू सुटतो, त्याचा दाब एका ठरावीक आकड्यापर्यंत चढतो आणि तिथेच राहतो. हा आकडा तापमानावर ठरतो: ७०० अंश सेल्सिअसला सुमारे ०.०३ वातावरण (आपल्याभोवतीच्या हवेचा दाब म्हणजे साधारण १ वातावरण), ८०० ला ०.२२ च्या आसपास, ९०० ला १ हून किंचित जास्त. पात्रात चुनखडी पसाभर आहे की पोतेभर, याने दाबात फरक पडत नाही. घन पदार्थाचे प्रमाण या हिशेबात येतच नाही. विद्यार्थी इथे नेहमी अडखळतात, पण भट्टीवाल्याला ही गोष्ट पुस्तकाशिवाय कळलेली असते. माल दुप्पट भरला म्हणून कमी आचेवर भाजला जात नाही. भट्टीचे तोंड उघडे असते, वायू वर निघून जातो, उलटी विक्रिया करायला तो जागेवर उरत नाही आणि चुनखडी शेवटच्या खड्यापर्यंत भाजते. म्हणजे भट्टी चालते ती समतोल साधून नव्हे, समतोल गाठू न देता. पुढे तोच चुना भिंतीत गेला की हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षे शोषत पुन्हा कार्बोनेट होतो. हवेत हा वायू जेमतेम ०.०४ टक्के असतो, पण नेहमीच्या तापमानाला तेवढाही पुरून उरतो. भट्टीत एका दिशेने गेलेली विक्रिया भिंतीत परत फिरते.

रंकाळ्यावरचा गोटी सोडा हे याच वायूचे उलट टोकाचे उदाहरण. हायरम कॉड या इंग्रजाने १८७२ मध्ये पेटंट घेतलेल्या या बाटलीत आतल्या वायूचाच दाब गोटी तोंडाशी दाबून धरतो. बाटली बंद आहे तोवर विरघळलेला वायू आणि वरचा वायू समतोलात असतात. विरघळलेल्यापैकी कार्बोनिक आम्ल बनते ते हजारात दोन रेणूंहूनही कमी. गोटी आत ढकलली की दाब उतरतो आणि समतोल मोडल्याचा आवाज सगळ्यांना ऐकू जातो.

विक्रिया उलटूही शकते हे प्रथम ठामपणे मांडले क्लोद लुई बर्थोले या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने. १७९८ मध्ये नेपोलियनच्या स्वारीबरोबर तो इजिप्तला गेला. तिथल्या खाऱ्या तळ्यांच्या काठी त्याला सोडियम कार्बोनेटचे थर दिसले. प्रयोगशाळेत सोडियम कार्बोनेट आणि कॅल्शियम क्लोराइड यांपासून चुनखडी आणि मीठ तयार होते. तळ्याकाठी मीठ आणि चुनखडी मुबलक असल्यामुळे गाडी उलटी चालली होती. कोणता पदार्थ किती आहे यावर विक्रियेची दिशा ठरते, हा विचार त्यातून आला. पुढे १८६४ मध्ये काटो गुल्डबर्ग आणि पेटर वागे या नॉर्वेच्या दोघांनी त्याला गणिती रूप दिले. दोघे एकमेकांचे मेहुणे होते. पुढे-मागे दाखवणारे दोन बाण वापरायची पद्धत याकोबुस व्हान्ट हॉफ यांच्या १८८४ च्या लेखनातून रूढ झाली. रसायनशास्त्राचे पहिले नोबेल (१९०१) त्यांनाच मिळाले.

गुल्डबर्ग-वागे यांच्या नियमाप्रमाणे, समतोलाच्या वेळी उत्पादितांच्या संहतींचा (ठरावीक आकारमानात पदार्थ किती आहे त्याचा) गुणाकार भागिले विक्रियाकारकांच्या संहतींचा गुणाकार ही संख्या दिलेल्या तापमानाला कायम राहते. विक्रियेत ज्या पदार्थाचे जितके रेणू भाग घेतात, तितका त्याच्या संहतीचा घात धरायचा. या संख्येला समतोल स्थिरांक म्हणतात. साखर कारखान्यांच्या जिल्ह्यात याचे उदाहरण मळीपासून मिळणाऱ्या अल्कोहोलचे घ्यावे. (गुऱ्हाळात मळी म्हणजे उकळत्या रसावर येणारा मळ, कारखान्यात मळी म्हणजे मोलॅसिस, इथे दुसरी.) इथिल अल्कोहोल आणि ॲसेटिक आम्ल मिळून इथिल ॲसेटेट हा सुवासिक द्रावक आणि पाणी तयार होते. स्थिरांक सुमारे ४. दोन्ही एकेक मोल, म्हणजे दोन्हींचे रेणू सारख्या संख्येने, घेतले तर दोन-तृतीयांशावर, म्हणजे ६७ टक्क्यांवर, विक्रिया अडते. अल्कोहोल दुप्पट घातले तर आम्लापैकी जवळपास ८५ टक्के कामी येते. त्याहून पुढे न्यायचे तर तयार झालेले पाणी किंवा इथिल ॲसेटेट बाहेर काढत राहावे लागते. चुन्याच्या भट्टीचीच युक्ती, फक्त बंद नळ्यांतून.

समतोलावर ताण आला की तो ताण हलका होईल अशा बाजूला सरकतो, हे तत्त्व हेन्री ल शातेलिए यांनी १८८४ मध्ये मांडले. दाब वाढवला तर वायूचे रेणू कमी असतील ती बाजू, तापमान वाढवले तर उष्णता शोषणारी बाजू वरचढ होते. उत्प्रेरकाने (स्वतः न संपता विक्रियेचा वेग वाढवणाऱ्या पदार्थाने) बाजू बदलत नाही. दोन्हीकडचे वेग सारखेच वाढतात आणि मुक्काम लवकर येतो. ल शातेलिए यांनीच सांगितलेली एक हकीकत ओतकाम करणाऱ्यांच्या गावात सांगण्याजोगी आहे. लोखंडाच्या झोतभट्टीच्या धुराड्यातून बराच कार्बन मोनॉक्साइड वाया जात असे. त्याला खनिजाशी भिडायला वेळ अपुरा पडतो असे समजून भट्ट्या उंच उंच बांधल्या गेल्या. खर्च वाढला, धुरातले प्रमाण तसेच राहिले. वेळेचा प्रश्नच नव्हता. समतोलच तिथे होता.

शिवाजी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव इथल्या ओतकामात कपोला भट्टीचा (कोक जाळून लोखंड वितळवणाऱ्या उभ्या भट्टीचा) काळ मोठा होता. आता विजेच्या इंडक्शन भट्ट्या पुष्कळ आल्या. कपोलात कोक, बीड, भंगार आणि मळी ओढायला पुन्हा तीच चुनखडी (‘मळी’चा हा तिसरा अर्थ). खाली कोक जळून कार्बन डायऑक्साइड होतो, वर लालभडक कोकमधून जाताना त्याचा काही भाग कार्बन मोनॉक्साइड होतो:

कार्बन + कार्बन डायऑक्साइड ⇌ २ कार्बन मोनॉक्साइड

ही विक्रिया उष्णता खाते. समतोल गाठू दिला तर १००० अंशांना जवळजवळ सगळा मोनॉक्साइड, ४०० अंशांना जवळजवळ सगळा डायऑक्साइड, असा तिचा कल. कपोलातून वायू काही सेकंदांत निघून जातो, म्हणून समतोल पुरता गाठला जात नाही. कोकचे ढेकूळ बारीक असले तर मात्र मोनॉक्साइड वाढतो आणि तेवढी उष्णता धुराड्यातून जाते.

हाच वायू माणसाला लागतो तेव्हाही समतोलाचेच नियम चालतात. रक्तातले हिमोग्लोबिन ऑक्सिजनला धरते आणि सोडते. मोनॉक्साइडला ते २०० पटींहून अधिक घट्ट धरते, पण कायमचे नव्हे. म्हणून गॅस लागलेल्याला शुद्ध ऑक्सिजन देतात: साध्या हवेत रक्तातला मोनॉक्साइड निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर तास-दीड तास. तालमीतल्या पैलवानाच्या थकलेल्या स्नायूत आम्ल नि कार्बन डायऑक्साइड वाढतात आणि त्यामुळे हिमोग्लोबिन ऑक्सिजन अधिक सोडते, तोही याच समतोलाचा खेळ.

राधानगरी, शाहूवाडी, चंदगड भागातल्या सड्यांवर बॉक्साइट आहे. त्यातून ॲल्युमिना काढायची कार्ल जोसेफ बायर यांची १८८८ मधली पद्धत म्हणजे एकच व्युत्क्रमी विक्रिया दोनदा वापरणे. दगडातले ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड दाबाखाली, १४० अंशांच्या पुढे, कॉस्टिक सोड्यात विरघळते. लोह आणि इतर गाळ मागे राहतो. गाळलेले द्रावण थंड करून त्यात हायड्रॉक्साइडचे जुने स्फटिक विरजणासारखे घालतात. विक्रिया उलटते, शुद्ध हायड्रॉक्साइड खाली बसते, सोडा परत वापरायला मिळतो. उसाला लागणाऱ्या युरियामागचा अमोनियाही असाच, नायट्रोजन-हायड्रोजनच्या अर्धवट विक्रियेतून काढलेला: एका फेरीत थोडाच तयार होतो, तो थंड करून द्रवरूपात बाजूला करायचा आणि उरलेला वायू पुन्हा फिरवायचा.

आता गूळ. गूळ टिकतो म्हणून तो समतोलात आहे असे कोणी म्हटले तर ते चूक. उसाच्या रसातली साखर पाण्याशी विक्रिया करून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज बनते. या विक्रियेचा समतोल इतका त्या बाजूला आहे की ती परत फिरत नाही असेच व्यवहारात धरतात. लुडविग विल्हेल्मी यांनी १८५० मध्ये तिचा वेग मोजला होता. साखर वाचते ती केवळ विक्रिया मंद असल्यामुळे. आम्ल तिला घाई करते. ताज्या रसाचा सामू (pH, सातच्या खाली म्हणजे आम्ल) पाच-साडेपाचाच्या आसपास असतो. गुळव्या काहिलीत चुन्याची निवळी घालतो ती मळ वर काढण्यासाठी आणि हे आम्ल मारण्यासाठीही. ऊस तोडून दिवसभर पडला किंवा काहील चुलवाणावर जास्त वेळ राहिली की साखर फुटते आणि रवा नीट बसत नाही, पाघळतो. गुळव्याची घाई समतोलाशी नाही, वेळेशी आहे.

काकवीत मात्र खरा समतोल सापडतो. तिच्यातले ग्लुकोज पाण्यात दोन रूपांत असते आणि ही रूपे एकमेकांत बदलत राहतात: अल्फा सुमारे ३६ टक्के, बीटा सुमारे ६४. साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत ‘पोल’ (रसातल्या साखरेचे प्रमाण) काढतात त्याच उपकरणाने हे पाहता येते. शुद्ध अल्फा ग्लुकोजचे ताजे द्रावण ध्रुवित प्रकाशाची (एकाच पातळीत कंप पावणाऱ्या प्रकाशाची) कंपनाची पातळी ११२ अंशांच्या हिशेबाने वळवते, मग तो आकडा काही तासांत उतरत ५२.७ वर येऊन थांबतो, बीटाचे १८.७ पासून चढत तिथेच येते. ओगुस्तँ द्युब्रँफो यांनी १८४६ मध्ये हे प्रथम नोंदवले. द्रावणात अमोनियाचा थेंब टाकला तर तासांचे काम मिनिटांत होते, आकडा ५२.७ च राहतो.