मॉर्मन म्हणायचं कोणाला?

‘मॉर्मन’ हे नाव अमेरिकेत जन्मलेल्या या पंथाच्या लोकांनी स्वतः घेतलेलं नाही. जोसेफ स्मिथने १८३० मध्ये न्यूयॉर्क राज्यात चर्च स्थापलं आणि त्याच वर्षी ‘बुक ऑफ मॉर्मन’ छापलं. त्या ग्रंथावरून लोक त्यांना हिणवू लागले. अधिकृत नाव १८३८ मध्ये ठरलं: द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स. (यातले ‘सेंट’ आपल्या अर्थाचे संत नव्हेत, साधा सभासदही सेंटच.) त्याच वर्षी मिझुरीच्या गव्हर्नरने त्यांना राज्याबाहेर हाकलण्याचा हुकूम काढला. १८४४ मध्ये इलिनॉयच्या तुरुंगात घुसून जमावाने स्मिथला मारलं. त्याच्यामागून नेता झालेला ब्रिगम यंग १८४७ मध्ये अनुयायांना घेऊन आजच्या युटा राज्यातल्या सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोचला, तोवर हिणवणीचं नाव अंगी मुरलं होतं.

युटामध्ये मग मॉर्मन असणं ही जवळपास जातकुळीच झाली. हातगाड्या ओढत आलेल्या खापरपणजोबांच्या गोष्टी, आठव्या वर्षी बाप्तिस्मा, घरात चहा-कॉफी वर्ज्य, तरुण मुलांनी मिशनवर, म्हणजे धर्मप्रचाराला, जाणं. राहत्या पत्त्यावरून वॉर्ड (चर्चची स्थानिक मंडळी) ठरतो, तिथे आवडनिवड चालत नाही. नियम मात्र वरून बदलत आले. बहुपत्नीत्व सोडल्याची घोषणा १८९० मध्ये झाली, आणि सहा वर्षांनी युटाला राज्याचा दर्जा मिळाला. कृष्णवर्णीय पुरुषांना पुरोहितपद मिळायला १९७८ उजाडलं.

नावाचंही तसंच. २०११ मध्ये चर्चने न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये ‘मी मॉर्मन आहे’ अशा जाहिराती लावल्या. सात वर्षांनी चर्चचे अध्यक्ष रसेल नेल्सन म्हणाले, प्रभूचं नाव गाळणं हा सैतानाचा विजय आहे. ‘मॉर्मन टॅबरनॅकल क्वायर’ या चर्चच्या प्रसिद्ध गायकवृंदाच्या नावातूनही ‘मॉर्मन’ गेलं. इतक्या खर्चाने चमकवलेली पाटी इतक्या लवकर उतरवणं मला तरी अजब वाटतं.

दरम्यान खाली गळती सुरू होती. समलिंगी जोडप्यांच्या घरी वाढणाऱ्या मुलांना बाप्तिस्मा द्यायचा नाही, हा २०१५ चा नियम अनेकांच्या जिव्हारी लागला. काहींनी पत्रं पाठवून पटावरची नावं काढून घेतली. २०१९ मध्ये नियम मागे घेतला, पण गेलेले सगळे परतले नाहीत. प्यू या अमेरिकी संशोधन संस्थेच्या पाहणीत, मॉर्मन म्हणून वाढलेल्यांपैकी प्रौढपणीही स्वतःला मॉर्मन म्हणवणारे २००७ मध्ये ७० टक्के होते, २०१४ मध्ये ६४.

चर्चला न जाणाऱ्या, पण गोतावळ्यातून न सुटलेल्या माणसाला युटात पूर्वीपासून ‘जॅक मॉर्मन’ म्हणतात. आता गंमत अशी, की दर रविवारी जाणारा ‘मॉर्मन’ म्हटलं की दुरुस्ती करतो, आणि कॉफीचा घोट घेत ‘आम्ही मॉर्मन’ म्हणणारा कित्येकदा वॉर्डाची पायरी केव्हाच सोडलेला असतो.