दंतरोपण

दंतरोपण : पडलेल्या किंवा काढलेल्या दाताच्या जागी जबड्याच्या हाडात टायटॅनियमचा लहानसा स्क्रू बसवून, हाडाने तो धरल्यावर त्यावर कृत्रिम दात चढवण्याची उपचारपद्धती. ‘दंतरोपण’ हा शब्द छापील मजकुरात भेटतो; पुण्यातल्या दवाखान्यांत डॉक्टर आणि पेशंट दोघेही ‘इम्प्लांट’च म्हणतात, आणि जुनी मंडळी ‘स्क्रूचा दात’. तिन्हींत शेवटचे नाव वस्तुस्थितीला सर्वांत जवळचे आहे. रोपण होते ते मुळाचे. दात त्यावर नंतर येतो, आणि कधीकधी बऱ्याच महिन्यांनी.

दात गेल्यावर हाडाचे काय होते : दातांभोवतीचे हाड दातांसाठीच असते. चावताना मुळामार्फत त्यावर ताण पडतो आणि त्या ताणावरच ते तगून राहते. दात काढला की ते झिजू लागते. पहिल्या वर्षातच त्या जागेची रुंदी निम्म्यापर्यंत घटू शकते, आणि ती गालाकडच्या बाजूने अधिक घटते. वर्षानुवर्षे कवळी वापरलेल्या आजोबांचे ओठ आत ओढलेले आणि हनुवटी नाकाकडे सरकलेली दिसते ती त्यामुळे. बोळके दिसते ते दातांअभावी, पण चेहरा बसतो तो हाडाअभावी. ‘दात काढून दहा वर्षे झाली, आता इम्प्लांट करायचंय’ असे म्हणत आलेल्या माणसाकडे डॉक्टर आधी जे पाहतात ते तोंड नसते, स्कॅनमधली हाडाची जाडी असते.

शोध : स्वीडनमधील संशोधक पेर-इंग्वार ब्रोनेमार्क हे मुळात दातांचे डॉक्टर नव्हते. १९५२ मध्ये लुंड येथे ते सशाच्या पायाच्या हाडातला रक्तप्रवाह सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होते. त्यासाठी हाडात टायटॅनियमच्या बारीक कुप्या बसवल्या होत्या. प्रयोग संपल्यावर त्या काढायला गेले तर निघेनात. हाड धातूला थेट चिकटले होते. या घटनेला त्यांनी पुढे ‘ऑसिओइंटिग्रेशन’ असे नाव दिले. मराठी दवाखान्यात याला ‘हाडाने धरलं’ म्हणतात आणि तेवढे पुरते. १९६५ मध्ये ब्रोनेमार्क यांनी योस्टा लार्सन या जन्मतः टाळू दुभंगलेल्या रुग्णाच्या जबड्यात पहिले रोपण केले. लार्सन २००६ मध्ये वारले, तोवर ते स्क्रू कामात होते. दंतवैद्यांच्या जगाने मात्र या पद्धतीकडे बराच काळ संशयाने पाहिले. १९८२ च्या टोरांटो येथील परिषदेनंतर ती सर्वदूर मान्य झाली.

कल्पना यापेक्षा पुष्कळ जुनी आहे. होंडुरासमध्ये १९३१ साली सापडलेल्या सुमारे इ. स. ६०० मधील एका जबड्यात पुढच्या तीन दातांच्या जागी शिंपल्याचे तुकडे ठोकलेले आढळले. ते मृत्यूनंतर बसवले असावेत, असे आधी मानले गेले. १९७० मध्ये क्ष-किरण चित्रे काढली तेव्हा त्यांतल्या दोघांभोवती हाड वाढलेले दिसले, म्हणजे माणूस जिवंत असतानाच ते बसवले होते.

धातू : टायटॅनियमचा हवेशी संबंध येताच त्यावर ऑक्साइडचा अतिसूक्ष्म थर चढतो. शरीराला प्रत्यक्षात भेटतो तो हा थर, आणि त्याविरुद्ध शरीर बंड करत नाही. पूर्वीचे स्क्रू गुळगुळीत होते. आता वाळूचा मारा आणि आम्ल यांनी पृष्ठभाग खरबरीत करतात, म्हणजे हाडाला पकड मिळते. विमानतळावर यंत्र वाजेल का, हा लोहगावहून उडणाऱ्या ज्येष्ठांचा नेहमीचा प्रश्न आहे. सहसा वाजत नाही. एमआरआयलाही अडचण नाही, फक्त त्या भागाचे चित्र जरा अस्पष्ट येते. टायटॅनियम १६६८ अंश सेल्सिअसला वितळते. चितेत काय किंवा पुण्याच्या वैकुंठ स्मशानभूमीतल्या दाहिनीत काय, तेवढी उष्णता नसते. अस्थी वेचताना स्क्रू हाती लागला तर दचकू नये.

तपासणी आणि शस्त्रक्रिया : पूर्ण जबड्याचा साधा एक्स-रे, म्हणजे ओपीजी, पहिल्या अंदाजापुरता ठीक. निर्णय सीबीसीटी, म्हणजे जबड्याचे त्रिमितीय चित्र देणाऱ्या स्कॅनवर घेतात, कारण हाडाची रुंदी ओपीजीत दिसत नाही. खालच्या जबड्यातून ओठ-हनुवटीकडे जाणारी संवेदनेची नस आणि स्क्रूचे टोक यांत किमान २ मिलिमीटर अंतर ठेवतात; ती दुखावली तर खालचा ओठ बधिर होतो, आणि ते बधिरपण काहींचे कायमचे राहते. वरच्या दाढांच्या डोक्यावर सायनसची पोकळी असते. तिथे हाड कमी पडले तर पोकळीचे अस्तर उचलून खाली हाडाची भुकटी भरतात. याला ‘सायनस लिफ्ट’ म्हणतात आणि त्याने खर्च व महिने दोन्ही वाढतात.

हाडाची प्रतही सारखी नसते. खालच्या जबड्याचा पुढचा भाग शिसवीसारखा टणक असतो, वरच्या जबड्याची मागची बाजू थर्माकोलच्या जवळ जाते. म्हणून हाडाने स्क्रू धरेपर्यंत खाली साधारण तीन महिने थांबतात, वर चार ते सहा.

प्रत्यक्ष काम तासाभराचे असते. दात काढताना देतात तशीच भुलीची सुई. हिरडी कापून बाजूला सारतात, मग बारीक ड्रिलने भोक आणि त्याहून जाड ड्रिलने ते रुंद. ड्रिलवर सतत थंड सलाईन सोडतात, कारण हाड ४७ अंश सेल्सिअसच्या वर मिनिटभर तापले तरी मरू लागते आणि मेलेले हाड स्क्रू धरत नाही. पेशंटला दुखत नाही. कवटीत घरघर मात्र ऐकू येते, शेजारच्या फ्लॅटमध्ये भिंतीला भोक पाडत असावेत तशी. स्क्रू साधारण साडेतीन ते पाच मिलिमीटर जाड आणि आठ ते तेरा मिलिमीटर लांब असतो. तो शेवटी पान्याने आवळतात. किती जोर लागला हे पान्यावर न्यूटन-सेंटिमीटरमध्ये कळते. पस्तीसच्या आसपास गेला की डॉक्टरांचा चेहरा सैल होतो. टाके सात ते दहा दिवसांनी निघतात. मग काही महिने वरून काहीच घडत नाही, आणि खरे काम त्याच काळात आत चाललेले असते.

हाडाने धरल्याची खात्री झाली की स्क्रूवर जोडतुकडा आणि त्यावर झिरकोनियाची किंवा पोर्सलेनची कॅप येते. कॅप सिमेंटने चिकटवता येते किंवा मधल्या भोकातून बारीक स्क्रूने आवळता येते. दुसरी पद्धत अधिक बरी, कारण हिरडीखाली राहिलेले सिमेंट पुढे दाह माजवते आणि स्क्रूची कॅप गरज पडली तर काढता येते. ते भोक बुजवण्यासाठी आधी आत टेफ्लॉनची टेप कोंबतात, नळाच्या आट्यांना प्लंबर गुंडाळतो तीच, निर्जंतुक केलेली. वरून दाताच्या रंगाचे सिमेंट.

पुण्यातील स्वरूप : एका दाताचा खर्च पाच आकड्यांत जातो. आरोग्य विम्यात दातांचे उपचार बहुधा येत नाहीत; अपघातात दात गेला असेल तर गोष्ट वेगळी. त्यामुळे खासगी दवाखान्याबरोबरच लोक दंत महाविद्यालयांची वाट धरतात : धनकवडीचे भारती विद्यापीठ, वडगावचे सिंहगड, कॅम्पातल्या आझम कॅम्पसमधील रंगूनवाला, पिंपरीचे डी. वाय. पाटील. तिथे एमडीएसचे, म्हणजे दंतवैद्यकातल्या पदव्युत्तर पदवीचे विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात. पैसे कमी लागतात, खेपा जास्त होतात. निवृत्त माणसाला हा सौदा परवडतो, हिंजवडीत नोकरी करणाऱ्याला परवडत नाही.

या शहराचा आणखी एक खास पेशंट म्हणजे डिसेंबरात सुट्टीवर आलेला परदेशस्थ मुलगा किंवा मुलगी. ‘तीन आठवड्यांत होऊन जाईल ना?’ हा त्यांचा पहिला प्रश्न. प्रामाणिक उत्तर असे, की या खेपेला स्क्रू, पुढच्या खेपेला कॅप. जबड्याला विमानाचे तिकीट दाखवून उपयोग नसतो. ‘एका दिवसात फिक्स दात’ अशा जाहिराती चौकाचौकांत दिसतात, आणि त्या सरसकट खोट्या नसतात. स्क्रू पुरेसा घट्ट बसला तर त्याच दिवशी दात देता येतो. पण तो बहुधा तात्पुरता असतो आणि एकाच दाताचा प्रश्न असेल तर समोरच्या दाताला टेकणार नाही असा मुद्दाम आखूड ठेवलेला असतो. जाहिरातीत हे छापत नाहीत.

रोपणशास्त्र ही भारतात एमडीएसची स्वतंत्र शाखा नाही. कृत्रिम दंतशास्त्र, हिरड्यांचे शास्त्र आणि मुखशल्यचिकित्सा या तीन शाखांत ते वाटले गेले आहे, आणि नोंदणीकृत बीडीएस डॉक्टरही रोपण करतात. पाटीवरच्या पदवीइतकाच ‘बिघडलं तर कोण बघतं?’ हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

कोणाला नको : वय वाढलेले असणे ही अडचण नाही, कमी असणे ही आहे. वाढत्या जबड्याबरोबर खरा दात सरकतो, स्क्रू जागचा हलत नाही. म्हणून वाढ पुरी होईतो थांबतात. मधुमेह असेल तर तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा आधी आटोक्यात लागतो. हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून घेतलेली काही औषधे जबड्याच्या हाडाला अपाय करतात, ती डॉक्टरांना न विसरता सांगावीत. जबड्याला रेडिएशन झाले असेल तर जोखीम वाढते. आणि तंबाखू. सिगारेट ओढणाऱ्यांत स्क्रू निकामी होण्याचे प्रमाण स्पष्टपणे जास्त असते. पुणे जिल्ह्याच्या खेड्यांत बायका दातांना मिश्री लावतात आणि ‘तंबाखू खाता का?’ या प्रश्नाला सरळ ‘नाही’ म्हणतात, कारण मिश्री त्यांच्या लेखी तंबाखू नसतेच. विचारणाऱ्याने ‘मिश्री लावता का, मावशी?’ असेच विचारावे लागते.

गेलेल्या प्रत्येक दाताला स्क्रू लागतोच असेही नाही. अक्कलदाढेच्या जागी काहीच नको. तिच्या अलीकडची दाढ गेली तरी अनेकांचे चावणे नीट चालते. शेजारचे दोन्ही दात किडून कॅपला आलेलेच असतील तर ब्रिज, म्हणजे त्या दोघांवर कॅप चढवून मधला दात जोडून बसवणे, शहाणपणाचा. ते धडधाकट असताना ब्रिजसाठी घासून काढणे मात्र वाया घालवणे आहे, कारण घासलेले इनॅमल परत येत नाही.

सगळेच दात गेलेल्यांसाठी : या उपचाराचा सर्वांत मोठा उपकार इथे आहे, आणि त्याचीच चर्चा सर्वांत कमी होते. साध्या कवळीने चावण्याचा जोर नैसर्गिक दातांच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्यावर येतो, आणि खालची कवळी तर जिभेबरोबर नाचते. खालच्या जबड्यात पुढे दोनच स्क्रू बसवून त्यांवर कवळी टिचबटणासारखी दाबून बसवता येते. रात्री काढायची, धुवायची, सकाळी पुन्हा टक् करून लावायची. दात नसलेल्या खालच्या जबड्यासाठी हाच किमान उपचार मानावा, अशी भूमिका २००२ मध्ये माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी घेतली. चार स्क्रूंवर अख्खी पंक्ती बसवण्याची पद्धतही आता रुळली आहे. तीत मागचे दोन स्क्रू तिरके घालतात, म्हणजे नस आणि सायनस दोन्ही चुकतात.

२०२१ मध्ये करोनानंतरच्या म्युकरमायकोसिस या बुरशीच्या रोगाने महाराष्ट्रात अनेकांचे वरचे जबडे काढावे लागले. जिथे जबडाच उरला नाही तिथे गालाच्या हाडात रुतणारे लांब स्क्रू वापरून काहींना पुन्हा चावता-बोलता आले. दंतरोपण म्हणजे श्रीमंतांची हौस, हा समज त्या काळात बराच खोडला गेला.

नंतरचे आयुष्य : दहा वर्षांनी शंभरांतले नव्वदहून अधिक स्क्रू जागेवर असतात. जागेवर असणे आणि निरोगी असणे यांत मात्र फरक आहे. स्क्रूला कीड लागत नाही, पण भोवतीच्या हिरडीला सूज येते, ती खाली उतरते आणि हाड बशीसारखे खोलगट झिजत जाते. हे फारसे दुखत नाही, त्यामुळे कळते तेव्हा उशीर झालेला असतो. घासताना रक्त येणे ही पहिली खूण. साधा ब्रश कॅपच्या काठाखाली पोचत नाही, तिथे बाटली धुण्याच्या ब्रशासारखा दिसणारा इवलासा ब्रश लागतो.

खऱ्या दाताच्या मुळाभोवती तंतूंची गादी असते. तिच्यामुळे दात किंचित दबतो आणि भातातला खडा क्षणात कळतो. स्क्रूभोवती ती गादी नाही. फुटाण्यांतला गणंग त्या बाजूला आला तर माणूस पूर्ण जोराने चावतो आणि कॅपचा टवका उडाल्यावर भानावर येतो. रात्री दात खाणाऱ्यांना म्हणूनच झोपताना घालायची प्लास्टिकची पट्टी देतात.

कॅप निघणे किंवा आतला बारीक स्क्रू सैल होणे हे त्यामानाने किरकोळ. पान्याने आवळले की झाले. अडते ते पान्यावर. प्रत्येक कंपनीच्या स्क्रूचे तोंड वेगळे असते आणि एकाचा पाना दुसऱ्याला सहसा लागत नाही. स्क्रूच्या डबीवर कंपनी, जाडी, लांबी आणि बॅच क्रमांक असलेले स्टिकर असते. डॉक्टर ते केसपेपरवर चिकटवतात आणि मागितले तर पेशंटला कार्डावर देतात. ते मागून घ्यावे आणि घराच्या कागदपत्रांत ठेवावे. नाहीतर पंधरा वर्षांनी दुसऱ्या गावातला डॉक्टर एक्स-रे उजेडाला धरून नुसत्या आट्यांच्या आकारावरून कंपनी ओळखत बसतो.