कल्चर रिपोर्टमधला ‘आर’ कुठून आला

टाके चिघळले की पुवाचा नमुना तपासायला जातो आणि दोन-तीन दिवसांनी कल्चर रिपोर्ट हातात पडतो. औषधाच्या नावापुढे ‘एस’ असेल तर ते लागू पडेल, ‘आर’ असेल तर जंतू त्याला दाद देणार नाही. जंतू स्टॅफ ऑरियस असला आणि सेफॉक्सिटिनपुढे (मेथिसिलिनच्या जागी तपासणीत वापरलं जाणारं औषध) ‘आर’ आला, की डॉक्टर ‘एमआरएसए’ म्हणतात, म्हणजे मेथिसिलिनला दाद न देणारा स्टॅफ ऑरियस.

हा जंतू मुळात परका नाही. दहातल्या साधारण तीन धडधाकट माणसांच्या नाकात तो कुरबुरीशिवाय राहतो. अ‍ॅबर्डीनचे सर्जन अलेक्झांडर ऑगस्टन यांना तो गळवांच्या पुवात द्राक्षाच्या घोसासारखा दिसला. त्यावरून 1882 मध्ये त्याचं स्टॅफिलोकोकस असं नाव पडलं. 1928 साली फ्लेमिंग यांना पेनिसिलिनचा सुगावा लागला तोही हाच जंतू वाढवलेल्या बशीत.

पण 1942 मध्येच पेनिसिलिनला न जुमानणारे स्टॅफ आढळले. लंडनच्या हॅमरस्मिथ हॉस्पिटलात मेरी बार्बर यांनी चिकाटीने मोजणी ठेवली. असे जंतू 1946 मध्ये 14 टक्के होते, 1947 मध्ये 38 आणि 1948 मध्ये 59. आकड्यांपेक्षाही त्यांचा निष्कर्ष मला मोलाचा वाटतो. प्रत्येक पेशंटच्या अंगात जंतू नव्याने निर्ढावत नव्हता. आधीच निर्ढावलेला जंतू एका खाटेवरून दुसऱ्या खाटेकडे जात होता. औषध त्याचे प्रतिस्पर्धी मारून त्याला रान मोकळं करून देत होतं.

मग पेनिसिलिनच्याच कुळातलं मेथिसिलिन आलं. ते इंग्लंडमध्ये वापरात येऊन पुरती दोन वर्षंही झाली नव्हती, तोच 1961 मध्ये पॅट्रिशिया जेव्हन्स यांनी त्यालाही दाद न देणारे स्टॅफ नोंदवले. या जंतूकडे मेकए नावाचं जनुक असतं. त्यामुळे पेशीची भिंत बांधणारं असं प्रथिन तयार होतं की पेनिसिलिनच्या जवळजवळ सगळ्या कुळाला ते पकडताच येत नाही. भिस्त उरली ती मुख्यतः व्हँकोमायसिनच्या सलाईनवर, आणि 2002 मध्ये अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये त्यालाही अजिबात दाद न देणारा स्टॅफ सापडला.

भारतात 2008-09 मध्ये 15 मोठ्या रुग्णालयांतले स्टॅफ तपासले, तेव्हा सुमारे 40 टक्के एमआरएसए निघाले. 1 मार्च 2014 पासून शेड्यूल एच-1 ही औषधांची कायदेशीर यादी लागू झाली. तिच्यातल्या अँटिबायोटिक्सच्या विक्रीची वेगळी नोंद ठेवणं दुकानदाराला बंधनकारक आहे. ‘ताप आहे, दोन पॉवरच्या गोळ्या द्या’ ही सवय मात्र कायद्याने लगेच सुटत नाही.

इंग्लंडने 2004 मध्ये रक्तातला एमआरएसए चार वर्षांत निम्म्यावर आणायचं ठरवलं आणि ते साधलं. त्यासाठी नवं औषध लागलं नाही. हात धुणं, सलाईनच्या नळीची निगा, दाखल होतानाची तपासणी यांनीच मुख्य काम केलं.

आपल्याकडे सीमाभागात निपाणी-चिक्कोडीचा पेशंट मिरजेला किंवा कोल्हापूरला जातो, खानापूरचा आणि चंदगडचा बेळगावला येतो. जंतू अंगावर सोबत जातो, जुना कल्चर रिपोर्ट मात्र पहिल्या दवाखान्याच्या फाईलमध्ये राहतो. नवा येईपर्यंत दोन-तीन दिवस पेशंट सगळ्यांसोबत वॉर्डात असतो आणि त्याचं ड्रेसिंग करणारे हात पुढच्या खाटेकडे वळतात. म्हणून दवाखाना बदलताना जुना रिपोर्ट मागून घ्यावा आणि पोचल्या पोचल्या सिस्टरच्या हातात द्यावा.