राडीतनं निघंल काय? सीमाभागातल्या जीपगाड्यांची पार्श्वभूमी

बेळगावहून जांबोटीमार्गे चोर्ला घाटाकडे निघालं की कणकुंबीच्या अलीकडे रस्त्याला मातीचे फाटे फुटत जातात. मे महिन्यात त्या फाट्यांवरून मोपेडसुद्धा जाते. जुलैत तीच वाट ओढा होते. आमगाव, गवाळी, पास्टोली या भीमगडच्या जंगलातल्या गावांना तर पावसाळा म्हणजे रस्ता तुटण्याचेच दिवस. आता ज्याचं घर या बाजूला आणि नोकरी बेळगावच्या उद्यमबागेत, तो गाडी घेताना दोन प्रश्न विचारतो. पहिला, ‘राडीतनं निघंल काय?’ आणि लगेच दुसरा, ‘ॲव्हरेज किती देते?’

या दोन प्रश्नांचं पटत नाही, त्याचं कारण लोखंडात आहे. फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाचा जोर, हे नुसती पुढची चाकं फिरवणं नव्हे. त्यासाठी ट्रान्सफर केस लागते, म्हणजे जोर पुढे-मागे वाटणारी आणि चढासाठी जास्तीचा लहान गियर देणारी पेटी, पुढे जाणारा वेगळा शाफ्ट लागतो, तो जोर डाव्या-उजव्या चाकांत वाटणारं पुढचं डिफरेन्शियल लागतं, आणि हा भार पेलायला खाली जाड चॅसी. रोज ऑफिसला जाताना ही सगळी मंडळी फुकटची बरोबर येतात. त्यात गाडी उंच आणि खोक्यासारखी. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो, त्यामुळे हायवेला ऐंशीच्या पुढे गेलं की टाकीचा काटा डोळ्यांदेखत उतरतो.

भारतात या गाड्यांची सुरुवात १९४७ मध्ये मुंबईत झाली. महिंद्रानं सुटे भाग आणून विलिस जीप जोडायला घेतल्या. युद्धासाठी घडवलेली ही गाडी, तिच्या आराखड्यात ॲव्हरेजचा विचार कोण करणार? इंजिन पेट्रोलचं, २.२ लिटरचं. तेव्हा बेळगाव मुंबई राज्यात होतं आणि १९५६ नंतर म्हैसूर राज्यात गेलं. जीप मात्र दोन्ही राज्यांत साहेबाचीच राहिली: फॉरेस्टचा, पाटबंधाऱ्याचा, फार तर एखाद्या बागायतदाराचा. पेट्रोल सरकारी असलं की दुसरा प्रश्न पडतच नाही.

तो पडला १९७३ च्या तेलसंकटानंतर. पेट्रोल महागलं, आणि डिझेल पुढे कित्येक वर्षं सरकारी धोरणामुळे बरंच स्वस्त राहिलं. महिंद्राकडे ट्रॅक्टरच्या घराण्यातलं डिझेल इंजिन होतंच. १९७९ मध्ये फ्रान्सच्या प्यूजो कंपनीशी करार झाला आणि त्यातून आलेलं २११२ सीसीचं इंजिन पुढे एमएम ५४० या जीपमध्ये बसलं. ताकद जेमतेम ६२ अश्वशक्ती. पण डिझेलचा जोर इंजिनाच्या खालच्या वेगातच मिळतो, चढाला तोच लागतो. एकाच इंजिनानं चढही सांभाळला आणि खिसाही, असं तेव्हा पहिल्यांदा झालं. फार वेगानं पळत नव्हती, हे खरं. पण खानापूरच्या रस्त्यांवर तेव्हा पळायला जागा तरी कुठे होती?

गावोगाव माणसं भरून नेणाऱ्या वडापवाल्यांनी पुढचं पाऊल टाकलं, आणि माझ्या मते या सगळ्या कथेतले खरे हिशेबी तेच. महिंद्राची कमांडर आणि बजाज टेम्पोची ट्रॅक्स घेताना त्यांनी फोर बाय फोर मागितलीच नाही. मागची दोन चाकं, पोटाखाली भरपूर मोकळी जागा, अरुंद टायर आणि आत बारा-पंधरा माणसं. गाडी रुतली तर तेच पंधराजण उतरून ढकलणार! वर टपावर बसलेले वेगळे. २००० मध्ये आलेल्या बोलेरोनं हीच विद्या घरगुती केली. चिकोडी-अथणीकडच्या काळ्या मातीत तर चारही चाकांना गोळे चिकटले की फोर बाय फोरवालाही ट्रॅक्टरची वाट बघत उभा असतो. खानापूरच्या तांबड्या, दगडी चढावर मात्र लहान गियरची सर दुसऱ्या कशाला नाही.

दुसरी वाट वजनाची. डिसेंबर १९८५ मध्ये मारुतीनं जिप्सी आणली, ९७० सीसी पेट्रोलची, आणि १९९६ मध्ये १३०० सीसीची किंग. वजन हजार किलोच्या आसपास. हलकी गाडी रुततच कमी, तिला ओढायला इंधनही कमी लागतं. बेळगाव हे मराठा लाइट इन्फंट्रीचं गाव, त्यामुळे हिरव्या जिप्सी बघतच आमची पिढी मोठी झाली. माझ्याकडची जिप्सी त्याच वेडातून आली.

आणि मी तिची वाट लावली, तीही स्वतःच्या हातानं. मूळचे टायर २०५/७० आर १५. ते काढून मी २३५/७५ आर १५ चे मोठ्या नक्षीचे घातले. दिसायला झकास! डायरीत ॲव्हरेज अकरावरून नवावर आलं. मेकॅनिकनं कार्बोरेटर उघडला, प्लग बदलले, फरक शून्य. मग एका रविवारी कागदावर आकडे मांडले. जुन्या चाकाचा व्यास ६६८ मिलिमीटर, नव्याचा साधारण ७३४. चाक जवळजवळ दहा टक्क्यांनी मोठं झालं, म्हणजे मीटर १०० दाखवतो तेव्हा गाडी ११० किलोमीटर गेलेली असते. खरं ॲव्हरेज नऊ नव्हतं, दहाच्या जवळ होतं. अर्धा तोटा मीटरचा, उरलेला टायरच्या वजनाचा आणि नक्षीचा. पण त्याच हिशेबात दुसरी गोष्ट उघड झाली. चाक मोठं झाल्यामुळे सगळे गियर दहा टक्क्यांनी उंचावले होते, आणि ज्या चढाला पूर्वी गाडी आरामात जायची तिथे आता अर्धा क्लच दाबून धरावा लागत होता. ज्यासाठी टायर घातले तेच बिघडलं.

रोजच्या वापराचा हिशेब यापेक्षा रोखठोक आहे. खानापूर-बेळगाव जाऊन-येऊन पन्नास किलोमीटर धरा, वर्षाचे ३०० दिवस. दहाचं ॲव्हरेज असेल तर १५०० लिटर, पंधराचं असेल तर १०००. लिटरला नव्वद रुपये धरले तरी फरक ४५,००० रुपयांचा. आणि लहान गियर खरोखर लागतो ते दिवस? माझ्या डायरीत कुठल्याच वर्षी वीसच्या वर गेलेले नाहीत. इंधनाच्या दराकडे आमच्याइतकं बारीक लक्ष क्वचितच कुणाचं असेल. राज्याच्या सीमेवरच्या कोगनोळीच्या अलीकडच्या पंपांवर महाराष्ट्रापेक्षा स्वस्त अशा पाट्या, आणि रांगेत कोल्हापूरच्या एमएच ०९ च्या गाड्या. जून २०२४ मध्ये कर्नाटकानं विक्रीकर वाढवला, पेट्रोल तीन रुपयांनी चढलं आणि ती गंमत बरीच ओसरली. पेट्रोलपेक्षा डिझेल खूप स्वस्त हे दिवस तर त्याआधीच, ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर खुले झाल्यावर, सरत आले होते.

कंपन्यांनाही हा प्रश्न आता टाळता येत नाही. २०१७ पासून प्रत्येक कंपनीच्या विकलेल्या गाड्यांच्या सरासरी इंधनखर्चावर सरकारची मर्यादा आहे. त्याहून मोठा हात कराचा. चार मीटरच्या आतली गाडी आणि १५०० सीसीच्या आतलं डिझेल इंजिन असलं की कर कमी. महिंद्राची २०२० ची थार २२०० सीसीच्या डिझेलसह आणि फोर बाय फोरसहच आली होती. जानेवारी २०२३ मध्ये तिचीच १५०० सीसीची आवृत्ती निघाली, फक्त मागची चाकं ओढणारी. ज्या गाडीचं नावच चिखलाशी जोडलेलं, तिच्यातून पुढचा शाफ्ट काढून टाकला! शहरातल्या दोस्तांनी नाकं मुरडली. मला मात्र वडापवाल्यांची आठवण झाली. जून २०२३ मध्ये आलेल्या मारुतीच्या जिम्नीनं उलट केलं: लहान गियर ठेवला, वजन बाराशे किलोच्या आसपास राखलं आणि चाचणीत लिटरला १६.९४ किलोमीटरचा आकडा दाखवला. ही चाचणी प्रयोगशाळेतल्या रोलरवर होते आणि वेग ९० च्या पुढे जात नाही. चोर्ला घाटाला तो आकडा कुणी सांगितलेला नाही.

मी जुन्या मापाचे टायर परत घातले. माझ्या गाडीच्या पुढच्या चाकांना हातानं फिरवायचे हब आहेत, चाक शाफ्टशी जोडणारे-सोडवणारे. ऑक्टोबरात ते मोकळे करतो, म्हणजे पुढचा शाफ्ट आणि डिफरेन्शियल फिरायचं थांबतं. पहिला पाऊस पडला की जांबोटीच्या चौकात गाडी बाजूला घ्यायची, खाली वाकायचं, दोन्ही हब अर्धा वळसा फिरवून लॉक करायचे. हात तांबड्या मातीनं भरतात. टपरीवरचा चहावाला आता विचारतही नाही, पाण्याचा तांब्या पुढे करतो.