जुनं मायक्रोसॉफ्ट ऑफिस व्हीएममध्ये का जपतात: २००७ च्या एका सर्व्हिस पॅकची पार्श्वभूमी

व्हर्च्युअल मशीन (व्हीएम), म्हणजे संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने उभा केलेला दुसरा संगणक, मूळची मेनफ्रेम या मोठ्या संगणकांवाल्यांची, १९७२ सालीच आयबीएमचं व्हीएम/३७० आलं होतं. साध्या पीसीवर ती १९९९ मध्ये आली आणि २००६-०७ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टचं व्हर्च्युअल पीसी मोफत झालं, तसलंच व्हर्च्युअलबॉक्सही आलं, तेव्हा कुठे कुणीही घरबसल्या विंडोज एक्सपी आणि ऑफिस २००३ खिडकीत टाकून बघायला लागलं.

आणि नेमकं तेव्हाच, सप्टेंबर २००७ मध्ये, मायक्रोसॉफ्टने ऑफिस २००३ चा तिसरा सर्व्हिस पॅक, म्हणजे दुरुस्त्यांचा एकत्र गठ्ठा, आणला. सुरक्षेचा अपडेट म्हणून लोकांनी तो टाकला आणि मग वर्ड २ च्या काळातल्या फाइली उघडेनात, ९७ च्या आधीची पॉवरपॉइंट प्रेझेंटेशन उघडेनात, लोटस आणि क्वाट्रो या जुन्या स्प्रेडशीट प्रोग्रॅमच्या शीट अडल्या, कोरलड्रॉची सीडीआर चित्रंही आत घेता येईनात. मेसेज काय यायचा, तर रजिस्ट्रीतल्या (विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या साठ्यातल्या) पॉलिसीमुळे हा फाइल प्रकार ब्लॉक केलाय. आता ती पॉलिसी यूझरने कधी लावलीच नव्हती! ती सर्व्हिस पॅकने लावली होती, आणि काढायची तर रजिस्ट्रीत 'फाइलओपनब्लॉक' नावाच्या की मध्ये जाऊन हाताने आकडे बदलायचे, हे ऑफिसातल्या क्लार्कने कसं करावं?

जानेवारी २००८ मध्ये बराच आरडाओरडा झाला. कंपनीने आधी या जुन्या फॉरमॅटनाच असुरक्षित म्हटलं होतं, मग कबूल केलं की दोष फॉरमॅटमध्ये नाही, ते वाचणाऱ्या आपल्याच कोडमध्ये आहे, आणि रजिस्ट्री बदलायच्या तयार फाइली दिल्या. कंपनीची बाजू अगदीच खोटी नव्हती, त्या काळात बिघडवलेल्या ऑफिस फाइलीतून हल्ले खरंच होत होते. पण लोकांची स्वतःची कागदपत्रं न विचारता कुलूपबंद करणं चूकच, आणि त्यात हा पॅक अनइन्स्टॉलही होत नव्हता. मागे फिरायचं तर सगळं ऑफिस काढून पुन्हा टाका.

म्हणूनच व्हीएमची सवय लागली. पॅक टाकायच्या आधी स्नॅपशॉट, म्हणजे व्हीएमची त्या क्षणाची जतन केलेली स्थिती, घ्यायचा, टाकायचा, जुन्या फाइली एकेक उघडून बघायच्या, अडलं की स्नॅपशॉटवर परत. खऱ्या मशीनवर हे करायला अर्धा दिवस जायचा.

आपल्याकडे याला आणखी एक कंगोरा आहे. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा कोड देणारी पद्धत, रुळायच्या आधीचा मराठी मजकूर बहुतेक आठ-बिटी फॉन्टमध्ये टाइप केलेला, म्हणजे फाइलीत खरं तर रोमन अक्षरांचे कोड आणि वर मराठी फॉन्टचा मुखवटा. तो फॉन्ट नसेल तर सगळी चिन्हांची खिचडी दिसते. कन्व्हर्टरने युनिकोड केलं तरी जोडाक्षरं, रफार आणि पहिली वेलांटी जागेवर आलीत का, हे मूळ पान जसं दिसत होतं तसं समोर ठेवल्याशिवाय कळत नाही, आणि तसं दिसतं ते जुन्या वर्डमध्ये, जुन्या फॉन्टसकट. काही डीटीपी पॅकेजना प्रिंटर पोर्टला लावायचा डोंगल, म्हणजे परवान्याची किल्ली असलेला छोटा तुकडा, लागायचा, तिथे मात्र व्हीएमही पुष्कळदा हात टेकते.

विंडोज ९५-९८ ची गोष्ट वेगळी. ९५ वेगवान प्रोसेसरवर बूट होतानाच प्रोटेक्शन एरर देतं, पॅच लागतो, आणि व्हर्च्युअलबॉक्सने या दोघांसाठी गेस्ट ॲडिशन्स (व्हीएममधलं विंडोज नीट चालावं म्हणून आत टाकायचे ड्रायव्हर) कधी दिल्याच नाहीत, त्यामुळे ऑफिस ९७ तपासायचं तर बरेच जण ८६बॉक्ससारख्या, जुन्या पीसीचं हार्डवेअरच हुबेहूब नक्कल करणाऱ्या एम्युलेटरकडे वळतात.

पुढे २००९ मध्ये विंडोज ७ बरोबर कंपनीनेच एक्सपी मोड, म्हणजे व्हीएममध्ये चालणारं तयार एक्सपी, दिला, म्हणजे लोक करत होते तेच अधिकृत झालं. ८ एप्रिल २०१४ ला एक्सपी आणि ऑफिस २००३ या दोघांचा सपोर्ट एकाच दिवशी संपला, सुरक्षेचे अपडेट थांबले, तेव्हापासून अशा व्हीएमचं नेटवर्क कार्ड बंद ठेवूनच काम करायचं. ऑफिस २०१० पासून फाइल ब्लॉकच्या सेटिंग्ज ऑफिसच्याच ट्रस्ट सेंटर या सुरक्षेच्या पानावर आल्या, कुठला प्रकार अडवायचा ते टिक करून ठरवता येतं. हे २००७ मध्येच द्यायला हवं होतं.